स्टार नसलेला डिफेन्समन पोट कसं भरतो?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. मुलगा 15 वर्षांचा आहे, कॅलगरीत आइस हॉकी खेळतो, डिफेन्सला, आणि राइट शॉट आहे, म्हणजे स्टिक उजव्या बाजूला धरून मारतो. वेस्टर्न हॉकी लीग या ज्युनिअर लीगच्या एका क्लबाने त्याला आपल्या यादीत घेतलंय. कोच म्हणतात, ‘पोरगा भरवशाचा आहे, पण चमकणारा नाही.’ आणि घरी आजोबा विचारतायत, स्टार होणार नसेल तर पुढे काय, रणजी खेळत म्हातारं व्हायचं का? या खेळात स्टार न होता आयुष्य निघतं का, हे तुम्हाला हवंय.

निघतं. मी अ‍ॅथलेटिक थेरपिस्ट आहे. मायनर लीगच्या संघांबरोबर बरेच हंगाम काढले, नंतर काही काळ युरोपात. ज्यांच्या मांड्यांना टेप लावली, ज्यांचे खांदे बसवले, ते बहुतेक असेच होते: कुणाच्या भिंतीवर पोस्टर नसलेले, पण तिशी उलटली तरी पगार घेणारे. मात्र हे आयुष्य कसं निघतं, त्याचा हिशोब बाहेरून दिसतो त्यापेक्षा फार वेगळा आहे.

आजोबांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो निम्मा बरोबर आहे. अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा केल्या, मुंबई सोडून आसाम आणि आंध्रकडूनही खेळला आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. असे लोक हॉकीत शेकड्यांनी आहेत. फरक एवढाच, की मुंबईच्या जुन्या रणजीपटूच्या मागे बँकेची, रेल्वेची नाहीतर टाटांची नोकरी असायची. हंगाम संपला की माणूस टेबलावर जाऊन बसायचा. इथे तसं काही नाही. करार बहुतेकदा एका वर्षाचा, एप्रिल-मेमध्ये हंगाम संपला की हा माणूस अक्षरशः बेकार, आणि जुलैत नवा करार येईपर्यंत फोनकडे बघत बसणं. उलट बाजूला, खेळतोय तोवरचा पैसा रणजीवाल्याने स्वप्नातही पाहिला नसेल असा, आणि जागाही पुष्कळ. एनएचएल, म्हणजे सगळ्यात वरची नॅशनल हॉकी लीग, तिचे 32 संघ, प्रत्येकाकडे सात-आठ डिफेन्समन. खाली अमेरिकन हॉकी लीगचे, म्हणजे एएचएलचे, तेवढेच 32, वरच्या प्रत्येक संघाला जोडलेला एक. त्याखाली ईसीएचएल. मग जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, फिनलंड, चेकिया, स्लोव्हाकिया, ब्रिटन. पोट भरायला जागा आहे. ती जागा कोणत्या नियमाने मिळते आणि जाते, हे कळायला हवं.

ज्युनिअर, ड्राफ्ट वगैरेंवर मी फार बोलणार नाही. ते सगळे सांगतात. ड्राफ्ट म्हणजे एनएचएल संघांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडणं; त्याच्या सात फेऱ्यांत 224 पोरं निवडली जातात आणि त्यातली बरीच एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. उलट न निवडलेलेही खेळतात. खरी चाळणी त्यानंतर, 24-25 व्या वर्षी लागते, आणि तिच्याबद्दल पालकांना कुणी सांगत नाही.

एएचएलचा एक नियम आहे. सामन्याला गोलकीपर सोडून 18 खेळाडू उतरतात. त्यातले किमान 13 ‘डेव्हलपमेंट’ खेळाडू असावे लागतात: 12 जण असे, की ज्यांचे व्यावसायिक सामने 260 किंवा त्याहून कमी, आणि एक जण 320 पर्यंतचा. म्हणजे मुरलेल्या लोकांसाठी उरल्या पाच जागा. फॉरवर्ड आणि डिफेन्स मिळून पाच! मोजणीत एनएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगचे सामनेही धरतात. आता हिशोब करा. एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा. पोरगा 20-21 व्या वर्षी आला, दुखापती धरून वर्षाला साठ-पासष्ट सामने खेळला, तर चार हंगामांत 260 भरले. वय 25. शरीर उत्तम, खेळ समजायला नुकती सुरुवात झालेली, आणि कागदावर तो ‘व्हेटरन’. त्या दिवसापासून त्याची स्पर्धा 21 वर्षांच्या पोरांशी नाही, तर त्या पाच जागांसाठी तिशीतल्या पक्क्या लोकांशी. एनएचएल क्लबाने त्या जागा गोल करणाऱ्या फॉरवर्डना द्यायच्या ठरवल्या, तर डिफेन्सच्या वाट्याला दोन येतात. खालच्या ईसीएचएलमध्येही 260 सामन्यांवरचे चारच खेळाडू चालतात. त्यामुळे ‘वर नाही जमलं तर खाली खेळू’ हेही आपोआप होत नाही.

मी ज्यांना घरी परतताना पाहिलं, त्यातले कितीतरी जण खेळ कमी पडला म्हणून परतले नाहीत. आकडा भरला म्हणून परतले.

आणि जे टिकले, ते का टिकले? ब्रायन हेल्मरचं उदाहरण घ्या. सू सेंट मरीचा हा मुलगा ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा 26 वर्षांचा होता. फिनिक्स, सेंट लुइस, व्हँकुव्हर, वॉशिंग्टन मिळून तिथे 146 सामने. पण एएचएलमध्ये 1,117 सामने आणि 564 गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून), त्या लीगमधल्या कुठल्याही डिफेन्समनपेक्षा जास्त. अल्बानी, वूस्टर, मॅनिटोबा, स्प्रिंगफील्ड, ग्रँड रॅपिड्स, सॅन अँटोनियो असं फिरत फिरत तो हर्शीला पोचला, तिथे कर्णधार झाला आणि 2009 व 2010 मध्ये कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, उचलला, तेव्हा चाळिशी दिसायला लागली होती. पुढे त्याच क्लबात व्यवस्थापनात गेला. मुरलेल्यांच्या मोजक्या जागांपैकी एक जागा इतकी वर्षं कुणी उगाच देत नाही. 21 वर्षांच्या महागड्या पोराच्या शेजारी कुणाला उभं करायचं, म्हणजे ते पोर बिघडणार नाही, हा क्लबापुढचा प्रश्न असतो आणि हेल्मर त्याचं उत्तर होता. तुमच्या कोचने ‘भरवशाचा’ म्हटलंय ना, ते हेच. त्याला कमीपणा समजू नका. बाजारात याच मालाला भाव आहे.

हा भरवसा दिसतो कसा, ते सांगतो, कारण गॅलरीतून तो दिसत नाही. पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आपल्या कोपऱ्यात गेलाय. डिफेन्समन पाठमोरा त्याच्यामागे निघालाय आणि त्याच्या मागून समोरच्या संघाचा नव्वद-पंचाण्णव किलोचा फॉरवर्ड वेगात येतोय. पकपाशी पोचायला दोन सेकंद. चांगला डिफेन्समन एवढ्यात दोनदा खांद्यावरून मागे बघतो. एकदा, माझ्या कुठल्या बाजूने येतोय. दुसऱ्यांदा, माझा जोडीदार कुठे उभा आहे. मग डावीकडे वळतोय असं भासवून उजवीकडे वळतो आणि जोडीदाराच्या स्टिकच्या पात्यावर सपाट पास सोडतो. धक्का बसतोच, काच हादरते, लोक ओरडतात. पण तोवर पक निघून गेलेला असतो आणि आपला संघ बाहेर पडलेला असतो. कच्चा पोरगा हेच करताना पक काचेवर आपटून भिरकावून देतो, तो ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या सीमेवरच, अडतो, आणि पुढची चाळीस सेकंद पाचही जण आपल्याच क्षेत्रात धापा टाकतात. पहिल्या माणसाच्या नावापुढे आकड्यांत काहीच लिहिलं जात नाही. पण व्हिडिओ बघणाऱ्या कोचच्या वहीत लिहिलं जातं. असा डिफेन्समन रात्रभरात 13-14 मिनिटं खेळतो, पेनल्टीमुळे संघात माणूस कमी असताना बचाव करतो (यालाच पेनल्टी किल म्हणतात), आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचं नाव नसतं. नाव असलं तर बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं.

मुलगा राइट शॉट आहे हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण ते पुन्हा अधोरेखित करा. कॅनडात बहुतेक पोरं लेफ्ट शॉट असतात आणि कोचना उजवीकडे उजवा, डावीकडे डावा हवा असतो, म्हणजे कठड्यालगतचा पक सरळ स्टिकवर घेता येतो. त्यामुळे उजवे कायम कमी पडतात. ल्यूक शेनचं बघा. 2008 च्या ड्राफ्टमध्ये पाचवा, टोरांटोने थेट एनएचएलमध्ये उतरवला. दहा वर्षांनी, 2018-19 मध्ये, अ‍ॅनाहाइमने त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे बाकीच्या संघांना उचलायला खुला ठेवला, कुणी घेतलं नाही, आणि तो सॅन डिएगोला एएचएल खेळायला लागला. मग यूटिका, मग सिरॅक्यूज. लोकांनी संपला म्हणून सोडून दिलं होतं. 2020 आणि 2021 ला टँपा बेबरोबर त्याने एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला आणि 2023 मध्ये नॅशव्हिलने तीन वर्षांसाठी 82.5 लाख डॉलरचा करार दिला. मेहनत होतीच, खेळ साधा करून घेण्याची अक्कलही होती. पण तो डावा असता तर इतक्या वेळा दार उघडलं असतं का, याची मला शंका आहे.

आता वेव्हर्स आणि टू-वे करार, कारण पैशाचं सगळं गणित इथे आहे. टू-वे करारात एकाच खेळाडूचे दोन पगार लिहिलेले असतात: वर असताना एक, खाली असताना दुसरा. एनएचएलचा किमान पगार 2025-26 च्या हंगामासाठी 7,75,000 डॉलर, 2026-27 साठी 8,50,000. तो दिवसावर मिळतो. हंगाम साधारण 190 दिवसांचा, म्हणजे दिवसाला चार हजार डॉलरच्या आसपास. त्याच पोराचा एएचएलचा पगार वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी हजार असेल, तर दिवसाला साडेचारशे. दहा दिवस वर बोलावलं, तर खालच्या निम्म्या हंगामाची कमाई झाली. ईसीएचएलमध्ये आठवड्याला काही शे डॉलर आणि राहायला क्लबाचं घर, एवढंच.

वर बोलावणं येतं ते कुणाच्या तरी दुखापतीमुळे. एनएचएलमध्ये एखाद्याच्या पायावर पक बसला, की अर्ध्या तासात आमच्या कोचचा फोन वाजतो. कोच मला विचारतो, अमुक तंदुरुस्त आहे ना? मग तो बसमध्ये मागच्या सीटपर्यंत चालत जातो. सगळे झोपल्याचं सोंग घेऊन बघत असतात. इक्विपमेंटवाला बस थांबवून बॅग आणि स्टिका उतरवतो, आणि त्या खेळाडूला पहिला प्रश्न असतो तो पासपोर्ट जवळ आहे का, कारण सामना सीमेपलीकडे असू शकतो. घरी बायको, मूल, भाड्याचं घर. ती सकाळी उठते तेव्हा नवरा तीन हजार किलोमीटरवर. आठ दिवसांनी परत. कधी परत येतच नाही, दुसऱ्याच क्लबाकडे जातो. कारण नवखेपणाची सूट संपली, की खाली पाठवताना नाव वेव्हर्सवर टाकावं लागतं. बाकीच्या 31 संघांना 24 तास मिळतात. कुणी उचललं तर सामान उचलून निघायचं. कुणी उचललं नाही तर जुन्याच बसमध्ये. दोन्हीपैकी कशाने जास्त वाईट वाटतं, हे त्या त्या माणसावर असतं.

रॉन हेन्सी हे याचं गोड उदाहरण. 2000 साली माँट्रिअलने पहिल्या फेरीत, 13 व्या क्रमांकावर घेतला. 2005 मध्ये वेव्हर्सवर टाकला, कोलंबसने उचलला. मग अटलांटा, तोच संघ हलून विनिपेग झाला, मग कॅरोलायना. प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, एकही सामना न खेळता 907 सामने झाले, हा विक्रमच आहे. 2017 मध्ये पिट्सबर्गला क्रिस लेतांगच्या दुखापतीमुळे डिफेन्समन हवे होते, त्यांनी हंगामाच्या शेवटी याला आणलं आणि पहिल्याच प्लेऑफमध्ये त्याने कप उचलला. पण लक्षात घ्या, हेन्सी हा या जमातीतला श्रीमंत. त्याच्यासारखे हजार सामने खेळणारे थोडे, तीस-चाळीस सामने खेळून खाली परतणारे खूप.

युरोपकडे वळतो. 260 चा आकडा भरला, त्या पाच जागांत शिरकाव नाही, तेव्हा शहाणा माणूस विमान पकडतो. इथले बरेच बाप याला हार समजतात, ते चूक आहे. क्रिस ली हा ऑन्टारिओतल्या मॅकटियर या लहान गावचा. ड्राफ्ट नाही, शिक्षण पॉट्सडॅमच्या छोट्या कॉलेजात, मग ईसीएचएल, एएचएल, आणि एनएचएलमध्ये शून्य सामने. जर्मनीत गेला, पुढे रशियात मॅग्निटोगोर्स्कला. 2014 आणि 2016 मध्ये गागारिन कप, म्हणजे केएचएल या रशियातल्या वरच्या लीगचं विजेतेपद. 2016-17 मध्ये एका हंगामात 65 गुण, केएचएलच्या डिफेन्समनचा विक्रम. 2018 च्या ऑलिंपिकला एनएचएलने खेळाडू सोडले नाहीत, तेव्हा कॅनडाने अशाच फिरस्त्यांचा संघ नेला. ली त्यात होता आणि ब्राँझ घेऊन आला. तेव्हा वय 37.

तिथला पैसाही बरा पडतो. करार बहुधा करानंतरच्या रकमेचा असतो, वर फ्लॅट आणि गाडी. प्रवास कमी, आठवड्याला दोन-तीन सामने, मुलं शाळेत स्थिर राहतात. ब्रिटनच्या एलिट लीगमध्ये काही क्लब पगाराबरोबर जवळच्या विद्यापीठात मास्टर्सची सोय करतात. अनेक कॅनेडियन पोरांनी शेफील्ड, कार्डिफ, बेलफास्टला खेळत एमबीए केलंय. मला हा सौदा फार आवडतो.

पण इथे आपल्या पोरांसाठी एक अडचण आहे, जी एजंट सहसा सांगत नाही. युरोपातल्या बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते. जर्मनीत सामन्याला नऊ, स्वित्झर्लंडमध्ये सहा. ज्या कॅनेडियन पोराचे आजोबा जर्मन किंवा इटालियन, तो कागदपत्रं गोळा करून तिथला पासपोर्ट काढतो आणि परदेशी म्हणून मोजला जात नाही. जर्मनीत आणि इटलीच्या बोलझानोसारख्या क्लबात असे किती तरी आहेत. क्लबाला असा माणूस सोन्यासारखा, कारण जागा अडत नाही. आपल्या मुलाचे आजोबा साताऱ्याचे. तो तिथे कायम परदेशीच धरला जाणार, आणि परदेशी जागेवर यायचं तर स्थानिकापेक्षा ठळकपणे सरस असावं लागतं. ओसीआय कार्डाचा याबाबतीत काडीचा उपयोग नाही. तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न, भारताकडून खेळता येईल का: नाही. राष्ट्रीय संघासाठी त्या देशाचं नागरिकत्व लागतं आणि कॅनडाचा पासपोर्ट घेतला की भारताचं जातं. भारताच्या संघात बहुतांश लडाखची मुलं आहेत, तो त्यांचा हक्क आहे. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला. फॉरवर्ड होता, 61 सामने खेळला, आणि उरलेली कारकीर्द त्यानेही मायनर लीगमध्येच काढली. म्हणजे या वाटेवरून आपल्यापैकी कुणी गेलंच नाही असं नाही.

आता माझ्या खात्याचं. डिफेन्समनचं शरीर कुठे झिजतं? आधी कंबर आणि जांघ. तो अर्धा वेळ उलटा स्केट करतो आणि मग एकदम वळतो. खुब्याच्या सांध्यातली गादी फाटते, जांघेचे स्नायू ताणतात. मग खांदा, कठड्यावर आपटून. मग पाय, बोटं आणि दात, शॉट अडवताना. एक प्रसंग सांगतो. तिशीतला एक खेळाडू, पहिल्याच पिरियडमध्ये शॉट अडवला, पक घोट्याजवळ बसला. मध्यंतरात मी म्हटलं, स्केट काढ, बघू दे. तो म्हणाला, काढला तर सूज येईल, पाय परत आत जाणार नाही. नाडी फक्त आणखी घट्ट बांध. उरलेले दोन्ही पिरियड खेळला. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाडाला भेग.

त्याने असं का केलं, याला फक्त मर्दुमकी समजू नका. टू-वे करारात दुखापत कुठे होते यावर पगार ठरतो. वर असताना जखमी झालात, तर बरे होईपर्यंत क्लब तुम्हाला खाली पाठवू शकत नाही, वरचाच पगार चालू राहतो. खाली जखमी झालात, तर खालचा. आणि तेवढ्यात वरून बोलावणं आलं, तर ते शेजारच्या लॉकरवाल्याला जातं. तोच पुढे तिथे चिकटला तर तुमची जागा गेली. त्यामुळे हे लोक थेरपिस्टशी खोटं बोलतात. चांगले, सज्जन लोक, पण ‘कसं वाटतंय’ म्हटलं की ‘मस्त’. मी उत्तर ऐकायचं सोडून दिलं होतं. पायऱ्या कशा उतरतो ते बघायचो.

पायाची भेग भरते. डोक्याचं तसं नाही. स्टीव्ह माँटाडोर हे नाव तुम्ही कॅलगरीत ऐकलं असेल. ड्राफ्ट न झालेला, सेंट जॉन फ्लेम्सबरोबर 2001 चा कॅल्डर कप जिंकून वर आलेला. 2004 मध्ये कॅलगरी फायनलला गेली, त्या वाटेवर सॅन होजेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल त्याचा. कॅलगरी, फ्लोरिडा, अ‍ॅनाहाइम, बॉस्टन, बफेलो, शिकागो, 571 सामने, आणि शेवटी झाग्रेब. फिरत्या डिफेन्समनची आदर्श कारकीर्द म्हणावी अशी. डोक्याला वारंवार मार बसला होता. फेब्रुवारी 2015 मध्ये तो 35 व्या वर्षी गेला. टोरांटोच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास, आढळला. तो गेला त्यानंतर काही दिवसांनी त्याला मुलगा झाला. हे घाबरवायला लिहीत नाही. नियम आता कडक झालेत, डोक्याला लागल्याचा संशय आला तरी सामन्यातून बाहेर काढतात. पण ज्याची जागा पक्की नाही, तो लक्षणं लपवतो, आणि फिरस्त्याची जागा कधीच पक्की नसते. घरात आजपासून एक नियम करा: पायाबद्दल कोचला काय सांगायचं ते त्याचं तो ठरवेल, पण डोकं दुखलं, प्रकाश खुपला, शाळेत वाचताना अक्षरं फिरली, तर आधी घरी सांगायचं आणि त्यावर घरातून कुणीही ‘आत्ता सामना महत्त्वाचा आहे’ म्हणायचं नाही. आजोबांनीही नाही.

शिक्षणाचं सांगतो. पूर्वी वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं, म्हणून आईबाप 15-16 व्या वर्षीच कोंडीत सापडायचे. ऑगस्ट 2025 पासून ते दार उघडलंय. ज्युनिअर खेळूनही कॉलेजात जाता येतं. तुमच्या मुलासारख्या पोरासाठी, जो हळूहळू पिकणार आहे, हा फार मोठा बदल आहे. माझं मत विचाराल तर भरवशाच्या डिफेन्समनने कॉलेजमार्गेच जावं. एक तर पदवी हातात येते. दुसरं, डिफेन्स ही उशिरा कळणारी जागा आहे. आणि तिसरं, कॉलेजचे सामने त्या 260 मध्ये मोजत नाहीत, म्हणजे 23 व्या वर्षी तयार होऊन येतो आणि आकडा शून्यावरून सुरू होतो. कॉलेजला नाही गेला, तर लीगची स्कॉलरशिप असते, दर हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाची. पण प्रो करार केल्यावर तो हक्क केव्हा आणि कसा जातो, याच्या अटी सहीच्या आधी वाचा, नंतर नको.

एजंटचं थोडक्यात. एनएचएल खेळाडू संघटनेची मान्यता आहे का ते बघा, आणि आत्ता पैसे मागत असेल तर दाराबाहेरूनच नमस्कार करा. मान्यताप्राप्त माणूस पुढे खेळाडूच्या पगारातून टक्केवारी घेतो, 15 वर्षांच्या पोराच्या आईकडून चेक नाही. एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची पीएचपीए नावाची वेगळी संघटना आहे, सेंट कॅथरिन्सला. खेळ संपल्यावरच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट दाखवायला तिथे कार्यक्रम आहे. मी पाहिलेल्या फिरस्त्यांपैकी जे खेळ सुटल्यावर सावरले, ते पंचविशीतच असल्या कार्यक्रमात नाव घालून आलेले होते. आगीच्या बंबावर, पोलिसात, विम्यात, घरं विकण्यात, आणि अर्थात कोचिंगमध्ये लोक जातात. जे ‘अजून एक हंगाम’ करत पस्तिशीला पोचले, त्यांचा पहिला बेकार हिवाळा फार वाईट असतो.

आत्ता काय करायचं म्हणाल, तर एक सोपं काम. एएचएलचे रँगलर्स, म्हणजे फ्लेम्सचाच खालचा संघ, कॅलगरीच्या सॅडलडोममध्येच खेळतात, तिकीट फ्लेम्सच्या मानाने किरकोळ. एका संध्याकाळी मुलाला घेऊन जा. खाली काचेजवळ बसू नका, वरच्या बाजूला कोपऱ्यात बसा, म्हणजे सगळा बर्फ दिसतो. गोल कोण करतंय ते बघू नका. डिफेन्सची तिसरी जोडी निवडा आणि तीन पिरियड फक्त तेच दोघे बघा: पकमागे जाताना मान किती वेळा फिरते, शिफ्ट संपवून बेंचवर कधी येतात, पेनल्टी किलला कोण उतरतं. दोघांपैकी एखादा तिशीचा असेल, त्याचं नाव घरी येऊन शोधा आणि तो आजवर कुठल्या कुठल्या गावांत खेळलाय ती यादी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. यादी वाचताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघा, आणि मग मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.